सहा नंबरचा रंग

शाळेत घोकलेलं बरंचसं आता विसरलोय. एकोणतीसचा पाढा तर तेव्हाही येत नव्हता. पण 'कलर १४, १' आणि पाठोपाठ 'सीएलएस' हे मात्र झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. ज्यांनी कधीकाळी बेसिक केलंय ते आता गालातल्या गालात हसले असतील. बाकीच्यांसाठी (म्हणजे मुख्यतः आमची आत्या आणि पुण्याची वहिनी, दोघी इथलं सगळं नेमाने वाचतात) सांगतो, की याचा अर्थ अक्षरं पिवळी कर, मागची पाटी निळी कर आणि मग पाटी पुसून घे.

१९९२ साली दहावीची परीक्षा झाली आणि सुट्टीत आमच्या पेणमधल्या एका कॉम्प्युटर क्लासला जायला लागलो. चपला बाहेर काढायच्या, पाय पुसायचे आणि मग त्या थंडगार खोलीत शिरायचं. उन्हाळ्यात तो ए.सी. हेच क्लासचं अर्धं आकर्षण होतं. आत तीन मशीन आणि पंधरा पोरं. हार्ड डिस्क एकाच मशीनला, बाकी दोघांत मोठी लवचीक फ्लॉपी घालून चालू करायचं. आणि तिन्ही पडदे काळे, त्यांवर हिरवी अक्षरं.

अशा क्लासमध्ये सरांनी आम्हाला रंग शिकवले. फळ्यावर तक्ता लिहून दिला, आम्ही वहीत उतरवला. ० म्हणजे ब्लॅक, १ ब्लू, २ ग्रीन, ३ सायन, ४ रेड, ५ मॅजेंटा, ६ ब्राऊन, ७ व्हाईट. ८ ते १५ म्हणजे तेच रंग पुन्हा, पण उजळ. १४ हा पिवळा. अक्षराच्या रंगात १६ मिळवले की अक्षर लुकलुकतं. मागच्या पाटीला मात्र फक्त ० ते ७. ३१ च्या पुढचा रंग मागितला तर मशीन 'इल्लीगल फंक्शन कॉल' असं म्हणायचं. आम्हाला त्यातला 'इल्लीगल' तेवढा कळायचा आणि उगाच पोलिसात दिल्यासारखं वाटायचं.

संध्याकाळी घरी वही उघडून बसलो की अण्णा डोकवायचे. अण्णा म्हणजे माझे वडील. गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करायचे. पेणचे गणपती सगळ्यांना माहीत असतात, पण बाहेरच्यांना वाटतं की मूर्ती साच्यातून निघाली की संपलं. खरं काम पुढे असतं. आधी पांढरा हात, त्यावर अंगाचा रंग, मग पितांबर, शेला, मुकुट, दागिने आणि सगळ्यात शेवटी डोळ्यांची आखणी. आखणी प्रत्येकाला देत नाहीत. अण्णांना मिळायची.

तर अण्णांनी माझा तक्ता वाचला. इंग्रजी त्यांचं यथातथाच, पण डब्यावरची रंगांची नावं वाचून वाचून नजर बसलेली. मॅजेंटा म्हणजे राणी कलर हे त्यांनीच मला सांगितलं. सायनवर अडले. मी म्हटलं, निळ्या-हिरव्याच्या मधला. "मोरपंखी म्हण की!" मग एकदम विचारलं, "दाखव ना कधीतरी. कसा येतो तिथे मोरपंखी?"

आता काय दाखवणार, कपाळ! हिरव्या मशीनवर मोरपंखीही हिरवा आणि राणी कलरही हिरवाच. तरी आज्ञा दिली की काहीतरी व्हायचं, ती गंमत मला अजून आवडते. 'कलर १' म्हटलं तर निळं यायच्या ऐवजी अक्षरांखाली रेघ यायची. 'कलर ०, ७' म्हटलं तर उलटं, उजळ पट्टीवर काळी अक्षरं. आणि 'कलर १४, १', ज्याच्यावर सरांनी पाऊण तास खर्च केला, त्यात अक्षरं थोडी ठळक व्हायची, बस्स. निळी पाटी मनाने बघायची. पोहण्याचा तक्ता भिंतीवर लावून विहिरीशिवाय पोहणं शिकवावं तसं आमचं चाललेलं. पण सर मनापासून शिकवायचे, हेही खरं.

(एक अवांतर. १९८४ पासून सरकारच्या 'क्लास' नावाच्या योजनेत देशातल्या काही शाळांना बीबीसी मायक्रो नावाची ब्रिटिश मशीन दिली गेली. त्यांच्या बेसिकमध्ये कलरचं स्पेलिंग इंग्रजांचं, जादा 'यू' असलेलं, आणि मागचा रंग हवा असेल तर आकड्यात १२८ मिळवायचे. म्हणजे १ हा लाल अक्षराचा आणि १२९ लाल पाटीचा. रंग तेच, पण आकड्यांचा हिशोब घरोघरी वेगळा. मुळात १९६४ साली अमेरिकेत डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कुर्ट्झ यांनी बेसिक तयार केलं तेव्हा रंगांचा प्रश्नच नव्हता, कारण पडदाच नव्हता. सगळं टेलिटाइपवर कागदावर छापून यायचं.)

त्याच वर्षीच्या भाऊबीजेला आम्ही सगळे रोह्याला मामाकडे गेलो. गणपती होऊन गेलेले, अण्णांचे हात जरा मोकळे होते. मामा धाटावच्या एमआयडीसीत कामाला. त्याच्या एका मित्राने रोह्यात नुकताच क्लास काढलेला आणि तिथे एक रंगीत मॉनिटर होता. मी गेल्या गेल्या मामाच्या कानावर घातलं. जेवणं झाल्यावर मामा म्हणाला, "भावोजी, चला, तुम्हीपण या. पोरगा काय शिकतोय ते बघा तरी."

इथे थोडं घरचं सांगायला हवं. कारखान्याच्या मालकांनी अण्णांना विचारून ठेवलेलं, की मुलाचा हात चांगला आहे, दहावी झाली, आता बसवा आमच्याकडे. हात बरा होता माझा, शेले मी आठवीपासून मारत होतो. आईचं म्हणणं शिकू दे. अण्णा हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. क्लासची फी त्यांनी भरली होती, पण पुढचा कोर्स आणि त्याची फी हा विषय निघाला की ते विडी घेऊन ओटीवर जायचे.

क्लास दिवाळीमुळे बंद होता, मामाच्या मित्राने आमच्यासाठी कुलूप काढलं. मी बसलो आणि चार ओळींचा प्रोग्राम लिहिला. शून्य ते पंधरा मोजायचं, दर वेळी तो रंग लावायचा आणि 'गणपती बाप्पा मोरया' छापायचं. रन म्हटलं आणि पडद्यावर रंगांची उतरंड लागली.

अण्णा मागे हात बांधून उभे होते. पहिला प्रश्न, "पंधराच दिसतात. पहिली ओळ कुठाय?"

"आहे ना. काळ्यावर काळी आहे."

"बरोबर," म्हणाले, जणू हे त्यांना कारखान्यात रोजच भेटतं.

मग मी 'कलर १४, १' केलं. आता बघा, नुसतं एवढं केलं तर पाटी निळी होत नाही. पुढे जे छापाल तेवढ्या अक्षरांच्या मागेच निळी चौकट येते, गोणपाटावर चिकटवलेल्या चिंध्यांसारखी. 'सीएलएस' म्हटलं की मग अख्खा पडदा एका झटक्यात निळा. अण्णांना ते पटलं. "आधी अस्तर, मग वरचं काम," म्हणाले. आणि हळूच, "एवढा निळा मारायला आम्हाला दोन दिवस लागतात रे."

पण त्यांचं लक्ष तिथे नव्हतं. मला परत ती उतरंड लावायला सांगितली आणि जवळ येऊन पडद्याला नाक लागेल इतके वाकले. मोरपंखी बघून झाला, राणी बघून झाला. बोट सातव्या ओळीवर ठेवलं. सहा नंबर, ब्राऊन.

"हा कशातनं केलाय?"

मी तक्त्याप्रमाणे सांगितलं. उजळ पिवळा १४, त्यातून आठ गेले सहा. म्हणजे हा पिवळ्याचाच मंद भाऊ.

"नाही," अण्णा म्हणाले. "पिवळा नुसता दाबला तर असा होत नाही. पिवळ्यात काळा घाल, तो हिरवट पडतो, शेवाळ्यासारखा. याला कोणीतरी तांबड्याकडे ओढलाय. मुद्दाम."

मामाचा मित्र हसला. म्हणाला, काका, मशीन आहे, ते आकड्यांवर चालतं. अण्णा काही बोलले नाहीत.

परतीच्या एस.टी.त मी खिडकीशी आणि ते शेजारी. नागोठणं गेलं, वडखळ आलं, तोपर्यंत गप्प. मग म्हणाले, "म्हणजे त्या डब्यातपण रंग बघणारा माणूस लागतो." आणि थोड्या वेळाने, "फी किती म्हणालास?"

मालकांना त्यांनी काय सांगितलं ते मला कधी कळलं नाही.

आता त्या सहा नंबरची गोष्ट. ती मला बऱ्याच वर्षांनी, नोकरीत मुरल्यावर, आयबीएमच्या जुन्या मशीनबद्दल वाचताना सापडली. १९८१ साली आयबीएमने पीसीसोबत जे रंगीत कार्ड आणलं त्यातून मॉनिटरकडे रंगासाठी चारच तारा जायच्या. लाल, हिरवा, निळा आणि चौथी 'उजळ'. तार चालू किंवा बंद, अधलंमधलं काही नाही. चार तारांचे सोळा रंग, म्हणून तो ० ते १५ चा तक्ता. प्रत्येक अक्षरासोबत त्याच्या रंगाचा एक बाइट ठेवलेला असायचा. चार बिट अक्षराच्या रंगाला, तीन पाटीला आणि उरलेला एक लुकलुकण्याला. पाटीला आठच रंग का, याचं उत्तर हेच! तिच्या वाटणीचा चौथा बिट लुकलुकण्याने खाल्ला होता. सरांना विचारलं होतं तेव्हा ते म्हणाले होते, "परीक्षेला नाही येत."

या हिशोबाने सहा म्हणजे लाल आणि हिरवी तार चालू, उजळ बंद. सरळ गणिताने यायला हवा मळका, हिरवट पिवळा. आणि काही मॉनिटरवर तो तसाच यायचाही. पण आयबीएमने १९८३ साली स्वतःचा रंगीत मॉनिटर काढला, ५१५३ नंबरचा, त्यात फक्त या एका रंगासाठी वेगळी जोडणी केली होती. सहा नंबर आला की हिरव्याचा जोर कमी करायचा. पंधरा रंग नियमाने आणि हा एकच असा हाताने ओढलेला. पुढे १९८४ चं ईजीए आणि १९८७ चं व्हीजीए आलं, त्यांनीही तोच तपकिरी ठेवला. रोह्याला अण्णांनी पाहिला तो हाच.

मी त्याच रात्री पेणला फोन लावला. सगळं सांगितलं. अण्णा म्हणाले, "मग? मी काय सांगत होतो?" आणि आईला फोन दिला.

अण्णांनी काम सोडून आता बरीच वर्षं झाली. गेल्या हिवाळ्यात डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, उजवा अजून व्हायचाय. पट्टी निघाली त्या दिवशी मी तिथेच होतो. ते खिडकीबाहेर बघत होते आणि एकदा हा डोळा झाकायचे, एकदा तो. बराच वेळ हा खेळ चालला. मला वाटलं दुखतंय. तर म्हणाले, "आभाळाचे दोन रंग आहेत. याने निळं, त्याने चहात बुडवल्यासारखं."

डॉक्टरांनी समजावलं की मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग हळूहळू पिवळं-तपकिरी होतं, निळा रंग आत कमी पोचतो, आणि हे इतकं सावकाश होतं की माणसाला पत्ता लागत नाही. अण्णा मान डोलावत होते. घरी आल्यावर मात्र जेवले नाहीत नीट. रात्री मला विचारलं, "शेवटची चार-पाच वर्षं मी पितांबर कुठल्या रंगाचा मारत होतो रे?"

मी म्हटलं, कोणी कधी तक्रार केली नाही. म्हणाले, "तक्रार कोण करतो? गणपती दहा दिवसांनी पाण्यात जातो."

यावर मला काही सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

आता दुपारी ते फोनवर वाचतात. पांढरी पाटी उजव्या डोळ्याला सहन होत नाही, सगळं धुक्यात दिवा लावल्यासारखं पसरतं. म्हणून गेल्या महिन्यात वाचायच्या ॲपमध्ये मी रंग बदलून द्यायला बसलो. पाटी काळी केली, अक्षरं पिवळी. आमच्या भाषेत 'कलर १४, ०'. त्यांना बरं वाटलं, पण पिवळा फार ओरडतो म्हणाले, जरा दाब. मी लाल आणि हिरवा दोन्ही सारखे खाली ओढले.

त्यांनी फोन डाव्या डोळ्यासमोर धरला. "हिरवट पडला."

हिरवा आणखी थोडा कमी केला.

"अजून."

अजून कमी केला.

"हं. आता ठेव."