बंबावरची माणसे

माधवनगर सांगलीला इतके खेटून आहे की गाव कुठे संपते आणि शहर कुठे लागते, हे परक्या माणसाला समजत नाही. कारभार मात्र वेगळा. १९९८ मध्ये सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून महापालिका झाली; माधवनगरला ग्रामपंचायतच राहिली. यंत्रमागांच्या शेड, सुताची गोदामे, रेल्वे स्टेशन, दाटीवाटीची घरे, सगळे शहरासारखेच आहे. आग लागली की बंब मात्र बाहेरून यायची वाट बघायची.

ऐन उन्हाळ्यात एका दुपारी आमच्या शेजारच्या सुताच्या गोदामाने पेट घेतला. आम्ही घागरी-बादल्या घेऊन धावलो. बंब पोचला तोवर पत्रे तापून वाकले होते. बंबावर चालक धरून तिघेच. पाण्याचा दाब सांभाळायचा म्हणून चालकाला पंपापासून हलता येईना. उरले दोघे. दाबाने पाणी सुटले की होजच्या टोकाची ब्रँच एकट्याला आवरत नाही; एकाने पुढे धरायची, दुसऱ्याने मागून खांदा द्यायचा. म्हणजे दोघेही तिथेच अडकले. मग मागचा दरवाजा कोणी फोडायचा? आत कोणी राहिले आहे का, हे कोणी बघायचे?

ती कामे माग कामगारांनी केली. अंगात बनियन, पायात चपला. सुताचे गठ्ठे वरून विझलेले दिसतात, पण पोटात धुमसत राहतात. एकेक ओढून, फोडून भिजवावा लागतो. धुराने एका पोराला उलट्या सुरू झाल्या. अंधार पडेपर्यंत त्या दोन जवानांनी ब्रँच सोडली नाही. त्यांची हिंमत कुठेच कमी पडली नाही, माणसे कमी पडली.

नंतर कित्येक दिवस चौकात हाच विषय होता. वित्त आयोगाचा पैसा गावाला येतो, त्यातून चार जवान नेमायला काय हरकत आहे, असे तरुण पोरे विचारत होती. पंचायतीचा कारभार जवळून पाहिलेल्या एका काकांनी त्यांना समजावले. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता; उरलेला ४० टक्के गावाच्या गरजेप्रमाणे खर्चता येत होता, पण पगार आणि आस्थापना वगळून. म्हणजे त्या पैशातून माणूस नेमायची सोयच नव्हती.

शहरांचे दुखणेही वेगळे नाही. जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारने राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी ५,००० कोटी रुपयांची योजना आणली. बहुतेक राज्यांनी त्यात २५ टक्के वाटा घालायचा. भर आहे तो नवी केंद्रे, प्रशिक्षण आणि आधुनिक साधने यांवर. योजना गरजेचीच आहे. पण नव्या गाडीवर बसणाऱ्या जवानाचा पगार महिन्याच्या महिन्याला कोण देणार? महाराष्ट्रात नगरपालिका-महापालिकांचा आस्थापना खर्च ३५ टक्क्यांच्या वर गेला की भरतीची वाट अडते. उत्पन्न तुटपुंजे असलेल्या शहराला ही मर्यादा फार लवकर गाठते.

पगाराला अनुदान देताच येत नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. सांगली-माधवनगर रस्त्यावरच्या थांब्याला लोक आजही जकात नाका म्हणतात. ती जकात गेली, स्थानिक संस्था करही (एलबीटी) गेला, १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. तेव्हापासून महापालिकांना राज्याकडून भरपाईचे अनुदान मिळते आणि अनेक ठिकाणचे पगार त्याच्याच भरवशावर होतात.

अमेरिकेने तर खास जवान नेमण्यासाठीच अनुदान सुरू केले. ‘सेफर’ नावाच्या या योजनेतून २००५ पासून अग्निशमन दलांना पैसे मिळतात. सर्वसाधारण नियम असा की नव्या जवानाच्या खर्चातला ७५ टक्के वाटा पहिली दोन वर्षे केंद्राचा, तिसऱ्या वर्षी ३५ टक्के. पुढचा भार शहराचा. त्यामुळे तीन वर्षांनंतरची तरतूद आधीच करावी लागते. आपल्याकडे त्यासाठी एक आधार आहे: महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याने इमारतींकडून अग्निशमन शुल्क घेण्याची सोय केली आहे. ते पैसे जवानांच्या पगाराकडे वळवता येतील.

हे जवान फक्त आग विझवतात असेही नाही. २०१९ च्या महापुरात पश्चिम महाराष्ट्रातल्या वस्त्यांतून माणसे बाहेर काढायलाही अग्निशमनची माणसे उतरली होती. मे २०१५ मध्ये मुंबईत काळबादेवीच्या गोकुळ निवासला लागलेल्या आगीत अग्निशमन दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकारी गेले. अशा कामाला कंत्राटी, तात्पुरती माणसे लावून भागवणे मला मान्य नाही.

आमच्या गल्लीतल्या एका तरुणाने अग्निशमनचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम पुरा केला आहे. आज तो खासगी कारखान्यात सुरक्षेचे काम करतो आणि भरतीच्या जाहिरातींवर डोळा ठेवून असतो. अशी शिकलेली पोरे गावोगाव आहेत. एका गाडीला पाळीत सहा जण धरले तरी तीन पाळ्यांना अठरा लागतात. सुट्ट्या आणि आजारपणाची बदली माणसे वेगळी. सरकारने बंब मंजूर करताना त्याच आदेशात ही पदेही मंजूर करावीत, पहिली काही वर्षे पगाराचा मोठा वाटा स्वतः उचलावा आणि शेजारच्या माधवनगरसारख्या गावांची लोकसंख्याही त्या हिशेबात धरावी.