दिग्विजयाची आवक-जावक

जग जिंकावं असं माणसाला आयुष्यात साधारण दोनदा वाटतं. एकदा अठराव्या वर्षी. तेव्हा अंगात बळ असतं, पण खिशात पैसा नसतो. दुसऱ्यांदा पंचेचाळिशीत, तेव्हा दोन्ही नसतं, पण रात्री झोप येत नाही. अलेक्झांडरने हे काम पहिल्या वयात उरकलं, मी दुसऱ्या वयात. तो मॅसिडोनियाहून निघाला आणि बत्तिसाव्या वर्षी बॅबिलोनमध्ये तापाने गेला. मी जळकोटहून निघालो, आणि युरोप पालथा घालूनही सकाळी दहाला बँकेत काउंटरवर हजर राहिलो. दोघांत यशस्वी कोण, हे वाचकांनीच ठरवावं.

त्याचं असं झालं, की आमचे चिरंजीव शिकायला पुण्याला गेले आणि जाताना आपला जुना संगणक 'बाबांना रमी खेळायला' ठेवून गेले. त्यात रमी नव्हती. त्यात 'युरोपा युनिव्हर्सालिस' नावाचं एक प्रकरण होतं. स्टॉकहोमच्या पॅराडॉक्स नावाच्या कंपनीने 2013 साली काढलेला हा त्या खेळाचा चौथा अवतार. पडद्यावर साऱ्या पृथ्वीचा नकाशा येतो. तारीख असते 11 नोव्हेंबर 1444. आदल्याच दिवशी तिकडे वर्णा इथं तुर्कांनी एक मोठी लढाई मारलेली असते, म्हणून हा मुहूर्त. तिथून 1821 च्या जानेवारीपर्यंत, म्हणजे 376 वर्षं, तुम्ही कुठलंही एक राज्य चालवायचं. जग जिंकलंच पाहिजे अशी सक्ती नसते. पण माणसाला एकदा नकाशा दिला, की तो रंगवल्याशिवाय थोडाच राहतो?

मी बहामनी राज्य घेतलं, कारण त्याची राजधानी बिदर. यात मी परक्याची गादी बळकावली असं कुणी समजू नये. 1956 च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत आमच्या बाजूचे उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके बिदर जिल्ह्यातच होते. म्हणजे मी फक्त जुन्या जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन बसलो. जळकोट नकाशावर नाही. साम्राज्याला लागणारं पाणी आणि किल्ला ही दोन्ही द्रव्यं ज्या गावाच्या नावातच आहेत, त्याची स्वीडनच्या लोकांनी दखल घेतलेली नाही. आम्ही बिदरच्या आकड्यात धरलेलो आहोत. सवय आहे.

शिवाय दिग्विजय ही आमच्या भागाला नवी गोष्ट नव्हे. राष्ट्रकूट राजे आपल्या ताम्रपटांत स्वतःला 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत, आणि हे लट्टलूर म्हणजे आमचं लातूर. त्यांच्या फौजा गंगा-यमुनेपर्यंत जाऊन आल्या. नवव्या शतकात सुलेमान नावाच्या अरबी व्यापाऱ्याचा जो वृत्तान्त लिहिला गेला, त्यात जगातले चार थोर राजे सांगितले आहेत: बगदादचा खलिफा, चीनचा बादशहा, रूमचा बादशहा आणि चौथा 'बल्हारा', म्हणजे आमचा राष्ट्रकूट. मूळ गाव लातूर आणि नाव जगातल्या पहिल्या चारांत! हल्ली हा मान फक्त बारावीच्या निकालाच्या वेळी मिळतो.

तर मी मोहीम काढली. मला वाटलं होतं, जग जिंकायचं म्हणजे घोडे, तोफा, धूळ, 'हाणा! मारा!' प्रत्यक्षात काय निघालं? कारकुनी! वाचकहो, मी बी.कॉम. झालेला माणूस, तलवार धरता येत नाही म्हणून लेखणी धरली. पण जग जिंकायला बसलो तर तिथंही लेखणीच पुढे आली.

आता हेच बघा. शेजाऱ्यावर चढाई करायची तर आधी त्याच्या मुलखावर आपला हक्क दाखवावा लागतो. हक्क नसला तर? तयार करायचा. हेर पाठवून रीतसर खोटा कागद बनवायचा आणि मग 'हे आमच्या वाडवडिलांचं' म्हणून फौज न्यायची. सातबाऱ्यावर दुसऱ्याचं नाव कसं चढतं याच्या कहाण्या काउंटरवर ऐकण्यात माझी वीस वर्षं गेली. मला यात शिकण्यासारखं काही नव्हतं. हक्काशिवाय लढाई केली तर राज्याचं स्थैर्य ढासळतं. थोडक्यात, लुटायला हरकत नाही, पण फाईल पूर्ण पाहिजे.

राजाचे गुण तीन: कारभार, मुत्सद्देगिरी आणि युद्ध. प्रत्येकाला शून्य ते सहा गुण. पण राजा तिन्हीत शून्य असला तरी दर महिन्याला प्रत्येक खात्यात तीन गुण जमा होतातच. हे वाचल्यावर या खेळाबद्दल मला जी आपुलकी वाटली, ती काय सांगू! नोकरीत कायम झालेला माणूस मी पाहिल्याबरोबर ओळखतो.

कर्जाची सोय तर अशी, की आमच्या बँकेच्या फळ्यावर लिहिली तर शटर तुटेल. मुदत पाच वर्षं, मूळ व्याजदर चार टक्के, तारण नाही, जामीनदार नाही, सातबारा नाही. फेडायला पैसे नसतील तर दुसरं कर्ज काढून पहिलं भागवायचं. आमच्याकडे याला 'नवं-जुनं' म्हणतात. मार्च महिन्यात आम्ही दुसरं करतो तरी काय? फक्त आमच्याकडे त्यासाठी शेतकऱ्याला चार चकरा माराव्या लागतात. इथं बादशहाने एक कळ दाबली की काम झालं.

पण खरी गंमत लढाईनंतर आहे. मुलूख जिंकायला वर्ष-दोन वर्षं पुरतात. तो पचवायला साधारण तीन वर्षं लागतात आणि कारभाराचे गुण खर्च होतात. तोपर्यंत तो मुलूख आपला नसतो. नुसता आपल्या ताब्यात असतो. हा फरक बँकेतल्या माणसाला लगेच कळतो. रक्कम हातात आली म्हणजे जमा झाली असं नव्हे. व्हाउचर झालं पाहिजे, रोजकीर्दीला आलं पाहिजे, खतावणीला गेलं पाहिजे. अशा न पचलेल्या मुलखाचं प्रमाण शंभर टक्क्यांच्या वर गेलं, की राज्याला अजीर्ण होतं. बंडं होतात, व्यापार बसतो. नवख्याचं राज्य लढाई हरून बुडत नाही. लढाया जिंकून बुडतं.

हे वाचताना मला आमचं उदगीर आठवलं. 3 फेब्रुवारी 1760 रोजी सदाशिवरावभाऊंनी निजामाला उदगिरीला नमवलं. साठ लाखांचा मुलूख मिळाला. दौलताबाद, असीरगड, विजापूर असली ठाणी मिळाली. केवढी वसुली! आता खेळाच्या नियमाने बघायचं तर दोन-तीन वर्षं गप्प बसून तो मुलूख दप्तरी लावायचा. पण उत्तरेतून दत्ताजी शिंदे पडल्याची बातमी आली, आणि मार्चमध्ये भाऊ परतूरहून निघाले, ते पानिपतला. दोन वर्षांपूर्वी अटकेपर्यंत झेंडे गेले होते. झेंड्यामागोमाग पैसा गेला नव्हता. पेशव्यांच्या डोक्यावर सावकारांची देणी होतीच. वाटेत दिल्लीला दिवाण-ए-खासच्या छताची चांदी उतरवून नाणी पाडायची वेळ आली. बँकेच्या भाषेत सांगायचं तर शाखा उघडल्या होत्या, पण कॅश पोचत नव्हती. उदगीर ते पानिपत हे अंतर एक वर्षही पुरतं नाही: 14 जानेवारी 1761. शौर्यात कुठंही तूट नव्हती. तूट होती ती खजिन्यात. उदगीरच्या किल्ल्यावर गेलो की मी नेहमी एवढाच विचार करतो, की त्या रात्री विजयाची नौबत झडत असताना एखादा कारकून समईपाशी बसून बेरीज करत असेल, आणि ती जुळत नसेल.

आणि खऱ्या बहामनींचं काय झालं? त्यांना तर महमूद गवानसारखा वजीर लाभला होता. इराणातल्या गिलानहून व्यापाराच्या निमित्ताने आलेला हा माणूस, म्हणजे मूळचा कॉमर्सचाच. त्याने चार मोठ्या सुभ्यांचे आठ केले, म्हणजे एकेका सुभेदाराची मिजास निम्म्यावर आणली. 1472 साली बिदरला मदरसा बांधला. त्याचा निळ्या फरश्यांचा मिनार अजून उभा आहे. दरबारातल्या विरोधकांनी त्याला कसा काढला? त्याच्या मोहरदाराला फितवून एका कोऱ्या कागदावर वजिराचा शिक्का उठवला, आणि मग वर ओरिसाच्या राजाच्या नावे फितुरीचं पत्र लिहिलं. सुलतानाने शिक्का पाहिला, मजकुराची पडताळणी केली नाही, आणि 1481 च्या एप्रिलात गवानाचं डोकं उडवलं. कोऱ्या कागदावर सही-शिक्का देऊ नये, हा नियम आमच्याकडे नव्या शिपायालाही पहिल्या दिवशी सांगतात. पुढच्या वर्षी सुलतानही गेला आणि हळूहळू राज्याची पाच शकलं झाली. तोफेने न फुटलेलं राज्य एका खोट्या व्हाउचरने फुटलं.

मी मात्र सावधपणे जिंकत गेलो. पन्नास वर्षांत दख्खन, मग हिंदुस्थान, मग इराण. 1693 साली लंडन घेतलं आणि पेशवाईचा 1818 चा हिशेब सव्वाशे वर्षं आगाऊ चुकता केला. त्या रात्री फार आनंद झाला. सौभाग्यवतींना उठवून सांगितलं, "अगं, लंडन आपलं झालं!" ती कूस वळवून म्हणाली, "तिथं तरी नळाला रोज पाणी येतंय का बघा." लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आलेलं पाहिलेल्या बाईचा हा प्रश्न होता. साम्राज्याचं मोजमाप याहून नेमकं मला एकाही इतिहासकाराने सांगितलेलं नाही.

आठ महिन्यांच्या रात्री खर्ची पडल्यावर अखेर सारी पृथ्वी एका रंगाची झाली. मिंग गेले, तुर्क गेले, स्वीडनही गेला. आणि तो एकरंगी नकाशा बघताना मला काहीतरी चुकल्याचुकल्यासारखं वाटायला लागलं. जिथं सगळंच आपलं, तिथं बघायचं काय? प्रत्येक मुलखाचे तीन आकडे: कर किती, उत्पन्न किती, फौजेला माणसं किती. 376 वर्षं मी हे आकडे गोळा केले. त्यातला एकही आकडा छत्री आपटत काउंटरवर आला नाही. एकानेही 'सायब, माझं काम झालं का?' असं विचारलं नाही.

बँकेत असा आकडा रोज येतो. गेल्या पावसाळ्यात एक म्हातारबुवा आले. नुकसानीचं अनुदान आलेलं, पण नावात फरक म्हणून खात्यात जमा होईना. त्यांनी धोतराच्या सोग्यात धरलेली प्लास्टिकची पिशवी माझ्यापुढे उघडली. एक निजामाच्या वेळचा उर्दू कागद. एक 1954-55 चं खासरा पाहणी पत्रक. एक संगणकावरचा ताजा सातबारा. वर आधार कार्ड. जमीन तीच, बांध तेच. बुवा जन्मल्यापासून गावाबाहेर राहायला गेलेले नाहीत. पण निजामाचं राज्य, हैदराबाद राज्य, द्विभाषिक मुंबई, मग 1 मे 1960 पासून महाराष्ट्र, एवढी राज्यं त्यांच्या अंगणातून गेली होती. जिल्हे वेगळेच: आधी जुना जिल्हा, मग 15 ऑगस्ट 1982 पासून लातूर. आणि जाताना प्रत्येकाने त्यांच्या आडनावाची एकेक वेलांटी नेली होती.

इकडे मराठवाड्यात या कागदांची किंमत आता साऱ्यांना कळली आहे. 2023 च्या सप्टेंबरात सरकारने निजामकालीन नोंदी तपासायला समिती नेमली, तेव्हा कचेऱ्यांतले धुळीचे रुमाल सुटले आणि मोडी-उर्दू वाचणाऱ्यांना एकाएकी जावयाचा मान आला. सात पिढ्यांचे निजाम गेले, त्यांच्या फौजा गेल्या, खजिना गेला. राहिलं काय? कुण्या पटवाऱ्याने कधीतरी कंटाळत लिहिलेली एक ओळ. त्या ओळीवर आज पोरांची शिक्षणं आणि नोकऱ्या अडलेल्या आहेत.

मी बुवांचे कागद लावत होतो, तेव्हा गप्प बसवेना म्हणून विचारलं, "बाबा, एवढी राज्यं बघितलीत. त्यातलं बरं कोणतं होतं?"

बुवांनी थोडा विचार केला. म्हणाले, "राज कुनाचं बी ऱ्हाऊ द्या सायब, नाव तेवढं नीट लिवा म्हंजे झालं."

त्यांच्या अर्जाला दुसऱ्या दिवशी जावक क्रमांक पडला आणि अकराव्या दिवशी रक्कम जमा झाली. बहामनी साम्राज्यात एवढ्या दिवसांत मी आख्खं पोर्तुगाल घेतलं असतं. पण पोर्तुगाल घेतल्यावर कुणी शेतातल्या हरभऱ्याची जुडी आणून टेबलावर ठेवली नव्हती.