कडप्पा खाली, ग्रॅनाइट वर

सांगलीतल्या आमच्या घरात दोन ओटे आहेत. खालच्या स्वयंपाकघरात आजोबांच्या वेळचा, कडप्प्याचा. वरच्या मजल्यावर ग्रॅनाइटचा, आमच्या लग्नानंतर बांधलेला. बायकोची बँकेने नागपूरला बदली केली तेव्हा दोन्ही माझ्या वाट्याला आले. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. "मग तुला ओटा पुसायला कसली अडचण?" असं ती फोनवर म्हणाली. अडचण नव्हतीच, उलट मला त्यात गंमत वाटायला लागली होती.

खालच्या ओट्यावर आईचं राज्य. त्यावर शेगडीच्या उजव्या हाताला पांढुरके ठसे होते. काही वाटीच्या बुडाएवढे गोल, काही नुसते ओघळ. आईच्या लेखी ते डाग, आणि डाग म्हटला की घासणी आलीच. घासून घासून तेवढा भाग आणखी फिका झाला होता. मी तिला विचारलं, "आई, सोलकढीसाठी आमसुलं कुठे भिजत घालतेस?" तिने त्याच जागेकडे बोट दाखवलं. लिंबूही तिथेच चिरलं जायचं आणि आमटीची चिंचही तिथेच कोळली जायची.

कडप्पा हा चुनखडीचा दगड, आंध्रातल्या कडप्पा जिल्ह्याच्या नावाने आपल्याकडे आलेला. चुनखडीला आंबट सोसत नाही. घराच्या मागे पडलेला कडप्प्याचा एक तुकडा मी कॉलेजात नेला आणि मुलांसमोर त्यावर हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले. फसफसून बुडबुडे आले. हा कार्बन डायऑक्साइड. लिंबाचा रस हेच काम गुपचूप आणि सावकाश करतो. गुळगुळीत पृष्ठभाग खाल्ला गेला की तिथे प्रकाश विखुरतो आणि काळा दगड पांढुरका दिसतो. म्हणजे वर काही चिकटलेलं नसतंच, दगडाचाच पापुद्रा गेलेला असतो. गेलेली गोष्ट घासून कशी परत येणार?

दिवाळीच्या आधी आई ओट्याला खोबरेल तेलाचा हात फिरवायची, आणि चार दिवस ओटा खरोखरच काळाभोर दिसायचा. तेल त्या बारीक खडबडीत भागात भरतं, प्रकाश विखुरायचा थांबतो. पुढे त्यावर पीठ आणि धूळ बसून चिकटा होतो ही गोष्ट वेगळी.

हळदीचं प्रकरण मात्र खऱ्या डागाचं. सांगलीत हळदीवाचून काही होत नाही. इथल्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. आमच्या भांडी घासणाऱ्या मावशींनी एकदा सिंकजवळच्या पांढऱ्या टाइलवरच्या पिवळ्या डागावर साबण फासला आणि तो लालभडक झाला. "अगं बाई, कुंकू कुठून आलं!" त्या ओरडल्या. हळदीतलं करक्युमिन अल्कलीत लाल होतं. अकरावीच्या मुलांना मी हे हळदीच्या कागदावर दाखवतो. त्यापेक्षा उपयोगाची गोष्ट अशी की करक्युमिन उन्हात टिकत नाही. खिडकीखालचे डाग ऊन लागून आपोआप फिकटतात, कोपऱ्यातले तसेच राहतात. लोणच्याचा मसाला आम्ही आता खिडकीपाशीच कालवतो.

वर ग्रॅनाइटचा संसार वेगळा. त्यात मुख्यतः फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ. मोहच्या मापाने त्यांचा कठीणपणा सहा-सात, तर चुनखडीतल्या कॅल्साइटचा तीनच. सुरीने ग्रॅनाइटवर सहसा ओरखडा उठत नाही, उलट सुरीचीच धार जाते. लिंबू, ताक, टोमॅटो, काहीही सांडलं तरी पुसून मोकळं व्हावं. आमच्याकडे बोअरचं पाणी, त्यामुळे नळाच्या बुडाशी क्षारांचा पांढरा थर धरतो. हा थरही कॅल्शियम कार्बोनेटचाच. व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं त्यावर थोडा वेळ ठेवलं की तो सुटतो, मग धुऊन घ्यायचं. वर जे व्हिनेगर औषध, तेच खाली विष, कारण खालचा ओटाच त्या थराच्या जातीचा. म्हणून 'सगळ्या दगडांसाठी एकच' असं लिहिलेली बाटली मी घरात येऊ देत नाही. संडास धुवायचं आम्ल तर दोन्हीकडे बंद.

ग्रॅनाइटचं दुखणं तेल. शेगडीजवळ तेलाच्या बरणीखाली एक काळपट वर्तुळ मुरलं होतं. साबणाने ते हललंही नाही. खायचा सोडा पाण्यात घट्ट कालवून त्यावर जाड थापला, वर प्लॅस्टिक टाकून रात्रभर ठेवला आणि सकाळी प्लॅस्टिक काढून लेप वाळू दिला. वाळताना तो तेल वर ओढून घेतो. एका लेपाने भागत नाही, पण प्रत्येक वेळी वर्तुळ फिकट होत गेलं. नंतर तिथे पाण्याचा थेंब ठेवून पाहिला. थोड्या वेळाने खालचा दगड गडद झाला, म्हणजे पाणी आत जात होतं. तेव्हा सीलर लावून घेतला. दुकानदार कडप्प्यासाठीही तोच गळ्यात मारत होता. सीलरने मुरणं थांबतं, आम्लाचं खाणं थांबत नाही, म्हणून तो घेतला नाही.

खालच्या ओट्याचं काय, हा प्रश्न उरलाच. गावातल्या एका कंत्राटदाराने पाहता क्षणी तो फोडायला सांगितला. कडप्पा आता कपाटाच्या उभ्या फळ्यांना नाहीतर ग्रॅनाइटच्या खाली आधाराला वापरतात, वर कोण ठेवतं, असं त्याचं म्हणणं. आई त्याच्याकडे न बघता भाजी निवडत राहिली. मग मी मकराण्याकडचा एक पॉलिशवाला बोलावला. संगमरवरावर हात बसलेला माणूस. ठशांवरून नख फिरवून म्हणाला, वरवरचं आहे, निघेल. दोनशेच्या हिऱ्याच्या पॅडपासून सुरुवात करून चारशे, आठशे, पंधराशे, तीन हजार असे अधिकाधिक बारीक पॅड तो मशीनला लावत गेला, आणि सतत पाणी. पाण्यामुळे धूळ उडत नाही, तिचा राखाडी चिखल होतो. तो चिखल भिंतीवर, डब्यांवर, देवघराच्या पडद्यावर उडाला. दगडाचा वरचा थर एकसारखा उतरवायचा आणि खाल्लेल्या जागेच्या पातळीला सगळ्यालाच आणायचं, एवढीच त्याची युक्ती. पुसल्यावर त्यात ट्यूबलाइट दिसायला लागली.

शेगडीच्या डाव्या बाजूला तो वळला तेव्हा आईने त्याला थांबवलं. तिथे ती पोळ्या लाटते. गुळगुळीत दगडावर पोळपाट सरकेल, तेवढा भाग आहे तसाच राहू दे, असं तिने मोडक्या हिंदीत सुनावलं. पॉलिशवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. पैसे मात्र त्याने पूर्ण ओट्याचे घेतले. त्यावरून आई अजून त्याला बोल लावते, आणि आमसुलं आता काचेच्या वाडग्यात, खाली ताटली ठेवून भिजत घालते.