वाळूवरची रात्र

जैसलमेरपासून सुमारे ४० किलोमीटरांवर, समच्या वाळूच्या टेकड्यांवर दिवस कलतो. उंट आधी मागचे पाय उचलून उठतो. नवखा प्रवासी पुढे झुकतो, खोगीर घट्ट धरतो. रात्री वाळू निवते. उघड्या आभाळाखाली पहुडलेल्या प्रवाशाला निःशब्दतेचे अप्रूप वाटते. शेकोटीपाशी बसलेल्या वृद्ध उंटवाल्याला तीच सलते. पूर्वी कळपांच्या घंटा ऐकू येत. राजस्थानात २०१२ साली सव्वातीन लाख उंट होते. २०१९ साली सव्वादोन लाखही उरले नाहीत. २०१४ मध्ये उंट राज्यपशू ठरला, पुढच्याच वर्षी त्याला राज्याबाहेर नेण्यावर निर्बंध आले. मान वाढला, मोल घटले. पहाटे, मुलगा जीप चालवतो, असे सांगताना उंटवाल्याचा हात उंटाच्या मानेवर असतो. अभिनंदन करावे की सांत्वन, हे प्रवाशाला उमगत नाही.