पहिली दुनळी

दुनळी विकायला काढलेला माणूस आधी दस्ता दाखवतो. अक्रोडाच्या लाकडातल्या रेषा, त्यावर नुकतंच मारलेलं पॉलिश, लोखंडावरची पानाफुलांची नक्षी, आणि मग विलायती नाव. घेणाऱ्याचे डोळेही तिथेच अडकतात. बंदूक माझ्या हातात आली की मी ती उघडून रिकामी असल्याची खात्री करतो, पुढचं लाकूड काढतो, नळ्या सोडवतो आणि दस्ता टेबलाच्या कडेला ठेवून देतो. त्याची पाळी सगळ्यात शेवटी.

माझ्या बंदूक-दुरुस्तीच्या दुकानात येणारी मुलं बहुतेक शेतकऱ्यांची. आजरा, चंदगड, सावंतवाडी, दोडामार्ग या पट्ट्यातली. काजू, ऊस, भात. आणि रात्री शेतात घुसणारी रानडुकरं, नाहीतर गवे. परवाना शेतीसंरक्षणाचा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचा विषय संपला आहे आणि मी तो दुकानात काढूही देत नाही. हवेत बार काढून जनावर पिटाळायचं, एवढंच या बंदुकीचं काम. पण काम लहान म्हणून हत्यार कसंही चालेल असं कुणी समजू नये. नळी फुटते तेव्हा बहुधा तिच्याखाली धरलेला हात जातो. हवेत उडवलेल्या बारानंही जातो.

शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानाधारकाला दोनच हत्यारं ठेवता येतात. बहुतेकांच्या घरी एकच असतं, त्यामुळे पहिली घेतली तीच जन्मभराची ठरते. पुढे वारसाच्या परवान्यावरही तीच चढते. सर्वसाधारण परवानाधारकासाठी परदेशी बंदुकीची आयात ऐंशीच्या दशकात बंद झाली. तेव्हापासून आधी आलेल्या इंग्रजी आणि बेल्जियन दुनळ्या घराघरांतून फिरत आहेत. कमी पैसे असतील तर दोन वाटा: नवी देशी बंदूक, सरकारी आयुध कारखान्याची किंवा बिहारातल्या मुंगेरच्या एखाद्या परवानाधारक कारागिराची, नाहीतर कुणाच्या तरी आजोबांची जुनी विलायती.

दोन्ही वाटांवर मी एकच प्रश्न विचारायला शिकवतो: ही स्वस्त का? उत्तर सापडेपर्यंत पैसे काढायचे नाहीत.

काही उत्तरं ऐकून मला आनंद होतो. नळीवरचा निळा रंग उडाला आहे, म्हणून स्वस्त. उडू दे. दस्त्यावर ओरखडे आहेत, कारागिराचं नाव कुणी ऐकलेलं नाही, नक्षी नाही. फारच छान. रिकामं काडतूस उडवून बाहेर फेकणारा इजेक्टर नाही, नुसतं वर उचलणारा एक्स्ट्रॅक्टर आहे, म्हणून किंमत निम्मी. पहिल्या बंदुकीला मी तर मुद्दाम हेच घ्यायला सांगतो. इजेक्टरमध्ये बारीक भाग नि स्प्रिंगा जास्त, आणि त्या बसवून देणारे हात आता फार थोडे उरले आहेत. आतल्या घोड्यांची साधी बॉक्सलॉक मला अशा घरांसाठी सगळ्यात पटते. १८७५ साली वेस्टली रिचर्ड्सच्या कारखान्यातल्या अ‍ॅन्सन आणि डीली यांनी ती रचना काढली. तिच्यात भाग मोजके, आणि जगभरच्या स्वस्त दुनळ्या त्याच आराखड्यावर बनल्या, म्हणून दुरुस्तीही माहितीतली. बाहेर घोडे असलेली बंदूक ‘जुनाट’ म्हणून आणखी स्वस्तात मिळते. नळ्या चांगल्या असतील आणि बार उडाल्यावर घोडे आपोआप मागे येऊन अडकत असतील, तर तीही घ्यावी.

आता ज्या उत्तरांना मी घाबरतो ती. सगळी नळीतली.

नळ्या उजेडाकडे धरून आत बघायचं. सरळ, निकोप नळीत उजेडाची वर्तुळं एकात एक, सारख्या अंतरानं दिसतात. बाहेरून पोचा आला असेल तर वर्तुळ एका बाजूला चंद्रकोरीसारखं दबतं. नळी कुठे फुगली असेल तर तिथे गडद कडं दिसतं. पोचा उठवता येतो. फुगवट्याच्या बंदुकीला मी हात लावत नाही. आतले काळे ठिपके म्हणजे गंजानं पाडलेले खड्डे. कोकणच्या हवेत तेलाचा हात न फिरवता बंदूक एक पावसाळा राहिली तरी ते पडतात. निवडणुकीत बंदूक ठाण्यात जमा करावी लागते, त्याआधीही नळीत तेल फिरवलं पाहिजे, हे मी प्रत्येकाला सांगतो.

पण ठिपक्यांपेक्षा मला जास्त काळजी वाटते ती आरशासारख्या नळीची. शंभर वर्षांची नळी इतकी लखलखीत कशी? कुणीतरी खड्डे जाईपर्यंत आतून घासली असणार. खड्डे गेले म्हणजे पोलादही गेलं. म्हणून मी भिंतीची जाडी मोजतो. सगळ्यात पातळ जागी अर्धा मिलिमीटर तरी हवा. त्याखाली मी नाही म्हणतो, समोरच्याचा चेहरा कितीही पडला तरी.

मग शिक्के. नळ्यांच्या बुडाशी, जिथे त्या अ‍ॅक्शनवर, म्हणजे चाप-घोड्यांच्या मधल्या लोखंडी भागावर, टेकतात त्या सपाट जागी बारीक खुणा असतात. बर्मिंगहॅमचं परीक्षागृह १८१३ सालचं. तिथे नेहमीपेक्षा जास्त दाबाचा बार उडवून नळी तपासतात आणि टिकली तरच शिक्का मारतात. १९५४ नंतरच्या तिथल्या नळीवर मुकुटाखाली ‘बीएनपी’ ही अक्षरं असली की ती बिनधुराच्या दारूसाठी तपासलेली. सोबत दाबाचा आकडाही असतो. बेल्जियमच्या लिएज शहराचा शिक्का अंडाकृती, आत ‘ईएलजी’. इंग्रजी नळीवर आतला व्यासही कोरलेला सापडतो. बारा बोअरचा मूळ व्यास ०.७२९ इंच. कोरलेल्या आकड्यापेक्षा आज तो इंचाच्या शंभराव्या भागाहून जास्त भरला, तर इंग्रजी नियमानं तो शिक्का रद्द झाला. शिक्का त्या दिवसाच्या नळीचा होता, आजच्या नाही.

पिळाच्या नळ्यांबद्दल मी कडक आहे. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून जोडलेल्या त्या नळ्या दिसायला अप्रतिम. बहुतेक काळ्या दारूच्या जमान्यातल्या. आजचं काडतूस त्यांत घालून पाहायची हौस कुणी करू नये. घरात वडिलोपार्जित असेल तर सांभाळा, पण पहिली बंदूक म्हणून विकत घेऊ नका.

यानंतरची गोष्ट फार थोड्यांना माहीत असते, म्हणून इथे मी वेळ घेतो. काडतूस जिथे बसतं तो खण जुन्या इंग्रजी बंदुकांत अनेकदा अडीच इंचांचा, म्हणजे ६५ मिलिमीटरचा असतो. आजची बरीच काडतुसं पावणेतीन इंचांची, ७० मिलिमीटरची. गोंधळ असा की ही लांबी मोजतात तोंड उघडल्यावर, बार उडून गेल्यानंतर. न उडवलेल्या काडतुसाचं तोंड आत दुमडलेलं असल्यानं ते अडीच इंची खणात बिनतक्रार बसतं आणि घेणाऱ्याला वाटतं, जमलं. बार उडताना तोंड उलगडतं, पुढे जागा नसते, छर्ऱ्यांची वाट अरुंद होते आणि दाब चढतो. एकदा काही होत नाही, दहादा होत नाही. तोवर सांधे ढिले होत असतात. म्हणून आधी खण मोजा, मग काडतुसाच्या खोक्यावरची लांबी वाचा. खडकीच्या दारूगोळा कारखान्याचं असो की बाहेरचं, खोका न वाचता काडतूस घेऊ नका.

नळ्या पास झाल्या की त्यांच्या बुडाखालच्या हुकातून त्या बोटावर टांगायच्या आणि नखानं टिचकी मारायची. घंटेसारखा लांबत जाणारा नाद आला तर दोन नळ्यांमधल्या पट्ट्यांचे जोड शाबूत. ठप्प आवाज आला तर कुठेतरी टाका सुटलाय, आणि आत पाणी शिरून गंज चालू असण्याची शक्यता आहे. मग पुढचं लाकूड न लावता नळ्या अ‍ॅक्शनवर चढवून हलवून बघायच्या. खुळखुळ जाणवली किंवा सांध्यातून उजेडाची रेघ दिसली, तर सांधा घट्ट करण्याचा खर्च किमतीत धरा. बंदूक उघडायची वरची कळही बोलते: नव्या बंदुकीत बंद केल्यावर ती मधल्या रेषेच्या किंचित उजवीकडे थांबते, झिजत गेली की डावीकडे सरकते.

चापाची परीक्षा नकली काडतुसं घालूनच. पुढचा चाप उजव्या नळीचा, मागचा डावीचा. ओढ पावणेदोन किलोच्या आसपास, मागच्याची थोडी जास्त. सेफ्टी लावून चाप ओढायचे, सेफ्टी काढायची; त्या क्षणी घोडा पडता कामा नये. मग सेफ्टी काढलेलीच ठेवून कुंदा रबरावर आपटायचा. तेव्हाही पडता कामा नये. इथे एक गोष्ट मी प्रत्येकाकडून परत म्हणवून घेतो: बहुतेक दुनळ्यांची सेफ्टी फक्त चाप अडवते, घोडा नाही. भरलेली बंदूक पडली तर सेफ्टी लावलेली असूनही बार उडू शकतो. बांधावरून उडी मारताना, कुंपण ओलांडताना, जीपमध्ये चढताना बंदूक उघडी आणि रिकामी. यात सूट नाही.

आणि आता दस्ता. जुने इंग्रजी दस्ते उंच माणसांसाठी बनलेले, चापापासून कुंद्यापर्यंत साडेचौदा इंच वगैरे. आपल्याकडच्या साडेपाच फुटी मुलाला तो लांब पडतो, कुंदा काखेत अडकतो. डोळे मिटून बंदूक खांद्याला लावायची, मग उघडायचे. नजर पट्टीवरून सरळ पुढच्या मण्यावर गेली पाहिजे. लांब दस्ता कापता येतो, आखूड वाढवता येतो, कामही फार महाग नाही. म्हणून ‘दस्ता बसत नाही, म्हणून स्वस्त’ हे मला मिळणारं सगळ्यात आवडतं उत्तर. मात्र अ‍ॅक्शनच्या मागे लाकडाला तडा असेल किंवा ते वर्षानुवर्षांच्या तेलानं काळं नि मऊ झालं असेल तर गोष्ट वेगळी.

टीव्हीवर ट्रॅप नेमबाजी पाहून कुणी एकावर एक नळ्यांची बंदूक मागतो. खेळायचं असेल तर तीच योग्य, २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये राज्यवर्धन राठोड यांच्या हातात तशीच होती. पण तिचा खर्च आणि तिची शिस्त रेंजवरची आहे, तिथल्या प्रशिक्षकाला विचारून घ्यावी.

घेतल्यावर पहिलं काम रेंजवरच, चाळीस यार्डांवर मोठा कागद लावून. दोन्ही नळ्यांनी एकेक बार मारायचा, छर्ऱ्यांच्या दाट भागाभोवती तीस इंचांचं वर्तुळ काढायचं आणि आतले छर्रे मोजायचे. डावी नळी बहुधा तोंडाशी जास्त आवळलेली असते. ही आवळण म्हणजे चोक. तो पूर्ण असेल तर सत्तर टक्के आत यावेत. मोकळ्या नळीचे चाळीस आले तरी पुरे. दोन्ही नळ्यांचा मध्य एकाच जागी पडतो का, हे त्याच कागदावर कळतं. तो कागद तारीख घालून परवान्याच्या फायलीत ठेवा. पुढच्या दुरुस्तीला येताना तोही घेऊन या.