वीस फुटांचं केसिंग

पाणी गाळून पिणारं आमचं घर, आणि बोअरला आलं तांबडं पाणी. यांनी केसिंग वीस फुटांवरच थांबवलं, पुढच्या पाईपचे पैसे वाचले. मी बी.कॉम., हिशेबावर खूश! पण खाली अजून मुरूमच होता. पावसाळ्यात तो ढासळला, गाळात अडकून मोटर जळाली. मग कंप्रेसरने बोअर साफ करून आतून बारीक पाईप पक्क्या खडकात टेकवला. वाचलेल्याच्या तिप्पट गेले. माझ्या माहेरी तापीकाठी खोलवर गाळमातीच. तिथे खाचांचा पाईप उतरवून बाहेरून बारीक खडी भरतात, म्हणजे जमिनीतलं गाळणंच! सासूबाईंना हे कौतुकाने सांगितलं, तर म्हणाल्या, "आणि जिवाणी परत सोडायची कुठून?" बोअरच्या तोंडाला तर झाकण. मी गप्प.