शिक्षा संपल्यानंतरची शिक्षा

लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'वरची (१९८७) चर्चा बहुधा वेदनेपाशी थांबते. जन्माने चिकटलेला गुन्हेगारीचा शिक्का, पोलिसांचा मार, भूक हे सारे बोलून होते. त्याच आत्मकथनात सूतगिरणीतला मजूर आणि त्याची संघटनाही आहे, ही बाब मात्र मागे राहते. आम्हांला वऱ्हाडात बसून तीच महत्त्वाची वाटते. शिक्का पुसण्याचे काम सहानुभूतीपेक्षा संघटनेचे अधिक आहे.

१८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द झाला. पण १९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांसाठी कायदा आला आणि जमातीवरचा संशय माणसामाणसावर वाटला गेला. अमरावती-अकोल्याकडचा फासेपारधी मजूर हा संशय आजही ओळखतो. सकाळी ठिय्यावर उभे राहिले की असे बोल कानी पडतात, "माह्यं नाव ठाण्यात हाये जी. चोरी कुठीबी होवो, पयले मलेच नेतेत. मंग कामावर कोन ठेवते?" येथे अर्ज नाही, मुलाखत नाही, नकार मात्र ठरलेला.

ज्याला खरोखर शिक्षा झाली, त्याची गोष्ट याहून वेगळी असायला हवी, कारण त्याची शिक्षा मोजलेली असते. तुरुंगातल्या सक्तमजुरीलाही न्याय्य वेतन हवे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली गुजरातच्या प्रकरणात सांगितले. सुकन्या शांता या पत्रकार महिलेच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी त्याच न्यायालयाने तुरुंगातील जातवार कामवाटप घटनाबाह्य ठरविले. विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार समजण्याच्या रीतीवरही बोट ठेवले. म्हणजे भिंतीच्या आतल्या श्रमाला थोडीफार प्रतिष्ठा लाभली. बाहेरच्या श्रमाचे काय?

नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कैद भोगलेल्या माणसाला सुटकेनंतर पाच वर्षे कामगार संघटनेचे पदाधिकारी होता येत नसे. १९२६ च्या कायद्यातली ही अट २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही राहिली. सभासद होण्यास त्याला आडकाठी नाही. पण स्वतःच्या वतीने बोलायला मात्र थांबावे लागते. ज्याला बोलण्याची गरज सर्वांत अधिक, त्यालाच ही मुदत! संघटनेचा निधी सुरक्षित राहावा, हा हेतू आम्हांला समजतो. त्यासाठी हिशेबाची तपासणी पुरेशी आहे. तोंड बंद ठेवण्याची गरज नाही.

नांदगाव खंडेश्वर तालुक्यातील मंगरूळ चव्हाळ्याला मतीन भोसले यांनी फासेपारधी मुलांसाठी शाळा काढली. तिचे नाव 'प्रश्नचिन्ह'. समृद्धी महामार्गाच्या कामात २०१९ साली तिचे ग्रंथालय पाडले गेले. त्या शाळेतून शिकून निघालेला मुलगा उद्या कामाला जाईल, तेव्हा मुकादमाने त्याला काय येते, एवढेच विचारावे. आपल्या संघटनांनी त्याला सभासदाची पावती तर द्यावीच, सभेत बोलायला उभेही करावे. तोवर त्या शाळेचे नाव बदलण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.